तुझ्या वाफ्यावरचा बर्फ

वृंदा,

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल भरभरून बोलत होते आणि मी मागच्या रांगेत बसून जळत होते. डोळेही पुसत होते, पण जळत जास्त होते. तुझ्यापुढे खोटं बोलून कधी उपयोग झाला नाही, तेव्हा आता तरी कशाला बोलू? हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. आपला म्हातारा साहेब डेल, ज्याची टोपी जेवतानाही डोक्यावरून हलत नाही, तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आजूबाजूचे शेतकरी बर्फातून पिकअप हाकत आले होते. महाराष्ट्र मंडळाच्या बायका तीन तास ड्राइव्ह करून आल्या होत्या. आणि प्रत्येकाकडे तुझी एक तरी गोष्ट होती. मी मनातल्या मनात माझी शोकसभा भरवून पाहिली. डेल आला, पण टोपी काढेना.

जिच्या मरणाचाही हेवा वाटावा अशी बाई मला तू एकटीच भेटलीस. जिवंतपणी तर विचारूच नकोस. तुझं इंग्रजी, तुझे केस, तुझी कधीही न फाटणारी पुरणपोळी, बायकोच्या आधी उठून चहा टाकणारा तुझा मिलिंद. वर्षातून दोनदा आपण शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर सामान आणायला जायचो, तर शनिवारी भर दुपारी तुला दुकानाच्या दारात पार्किंग मिळायचं. गाडी चालवायची माझी पाळी असली की मी गल्ल्यांमधून चकरा मारत राहायचे आणि तू तोवर मेथी, कढीपत्ता, पेढे घेऊन फुटपाथवर उभी. वर विचारायचीस, "अगं, कुठे होतीस इतका वेळ?"

तू पुण्याची, मी परभणीची. दोघी शेतकी कॉलेजातून निघालो आणि एकाच सप्टेंबरात साउथ डकोटातल्या या सपाट गावात येऊन पडलो, गव्हाच्या नव्या जाती तयार करायच्या कामावर. मला वाटलं होतं, गहू म्हणजे आपल्या घरचंच पीक. दिवाळीनंतर पेरा, पाडव्याच्या आत कापा. इथे पाहावं तर गणपतीत पेरायचा आणि आषाढात कापायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दहा महिने? गव्हाचं बाळंतपण आहे का काय?"

पहिल्या जानेवारीत डेलने आपल्याला शेतावर नेलं. वारा असा, की डोळ्यातलं पाणी गालावर येईपर्यंत गोठावं. बर्फ बाजूला केला तर खाली पानं तपकिरी, भाजल्यासारखी. मी म्हणाले, मेला हा. तू गुडघे टेकलेस. कुदळीने मातीचं ढेकूळ फोडून एक रोप काढलंस, खिशातलं ब्लेड घेतलंस आणि दोन बोटं मातीखाली असतो तो बुडखा उभा चिरलास. आत पांढराशुभ्र, टणक, कापलेल्या मुळ्यासारखा. डेल खूश झाला. मी हातमोज्यात बोटं चोळत उभी. त्या दिवशी मला तुझा पहिला हेवा वाटला, आणि मग सवयच लागली.

"याचा जीव पानात नसतोच," परतताना गाडीत तू मला समजावत होतीस. वाचून मीही आले होते, पण समजावायला तुला आवडायचं. "रात्री गार व्हायला लागल्या की हा तयारीला लागतो. वाढ स्लो करतो, साखर साठवतो, पेशीतलं पाणी कमी करतो. मग बर्फ झाला तरी पेशींच्या बाहेर होतो. आत झाला की खलास. आणि वरून स्नो पडला की बेस्टच. गोधडी मिळाली त्याला."

"आणि थंडी पडलीच नाही तर?" मी मुद्दाम विचारलं.

"तर नुसतं गवत वाढेल. ओंबीच धरणार नाही. त्याला हिवाळा सोसायचाही असतो आणि हवाही असतो."

या वाक्यावर पुढे मंडळाच्या दिवाळी अंकात कुणीतरी लेख पाडला, की आपण परदेशी आलेली माणसंही या हिवाळी गव्हासारखीच. तू तो वाचलास आणि म्हणालीस, "गव्हाला व्हिसा स्टॅम्पिंग नसतं यार." मी इतकी हसले की चहा सांडला. हे वाक्य मला सुचायला हवं होतं असं वाटून नंतर दोन दिवस चिडलेही होते.

पेढ्यांची गोष्ट शोकसभेत कुणी सांगितली नाही, कारण ती तू कुणाला कळूच दिली नाहीस. आपण तेव्हा नव्या होतो. रोपं ओल्या वाळूत लावून थंड कपाटात ठेवायची, तापमान तासातासाने उतरवायचं, मग बाहेर काढून कोण जगलं ते बघायचं, असं ते काम. माझ्या खेपेला सगळीच्या सगळी जगली. इतक्या थंडीत! मला वाटलं मी इतिहास घडवला. डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेला पेढ्यांचा बॉक्स मी लॅबभर फिरवला, डेललाही दिला. तू एक पेढा घेतलास, सावकाश खाल्लास, बोटं पुसलीस आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "सुनंदा, वाळूवर बर्फाचा चुरा टाकला होतास ना?"

नव्हता टाकला. पाणी हे असं अवलिया, की कुठून तरी बर्फाचा पहिला कण भेटल्याशिवाय ते शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहू शकतं. चुरा नाही म्हणजे रोपं गोठलीच नव्हती. जी परीक्षा झालीच नाही तिच्यात ती सगळी पास झाली होती आणि मी पेढे वाटत होते. त्या शनिवारी तू माझ्याबरोबर थांबलीस, आपण सगळं पुन्हा लावलं आणि डेलला मी काय सांगायचं तेही तूच सुचवलंस. मी तुझे आभार मानले. खरं सांगू? चारचौघांत एकदा खो खो हसली असतीस तर मला जास्त बरं वाटलं असतं. तुझ्या चांगुलपणाने माणसाला राग धरायलासुद्धा जागा मिळायची नाही.

मग आपापल्या जाती आल्या, आणि भांडायला हक्काचं काहीतरी मिळालं. माझा गहू आठव. ऑक्टोबरात असा ताठ, काळसर हिरवा, की रस्त्याने जाणारे शेतकरी गाडी थांबवून विचारत. त्याला तू नाव ठेवलंस नवरदेव. तुझा जमिनीला चिकटून पसरलेला, फिकट, बघून कुणी दुसऱ्यांदा बघू नये असा. मी त्याला आळशी म्हणायचे. जानेवारीच्या शेवटी चार दिवस ऊब येते ना, तेव्हा नवरदेव लगेच जागा होतो, पाणी भरून घेतो, साखर उधळतो. मग थंडी परत आली की त्याला पहिल्यासारखं सावरता येत नाही. तुझा आळशी ढिम्म. त्याला ऊन लागो, पागोळ्या गळोत, तो म्हणणार वसंत आल्याशिवाय मी उठत नाही.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," तू माझ्या गव्हाला म्हणायचीस.

"लवकर उठेल तो आधी वाढेल. तुझ्या आळशाचे दाणे भरेपर्यंत उन्हाळा येऊन जाईल," मी म्हणायचे. आणि तेही खोटं नव्हतं. ज्या वर्षी थंडी सौम्य, त्या वर्षी माझा पुढे. ज्या वर्षी कडक, त्या वर्षी तुझा. इतकी वर्षं हा वाद चालला आणि आपल्यापैकी एकीनेही हार मानली नाही. आपलं भांडण संपायचं राहिलं हे मला कुणाला सांगता येत नाही, कारण लोकांना वाटतं मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे पश्चात्ताप. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. माझं म्हणणं अजून बरोबर आहे.

एप्रिलच्या शेवटी गहू हिरवा व्हायला लागला की आपण स्कोअरिंगला जायचो. प्रत्येक जातीचे शेतभर विखुरलेले वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात नजरेने ठरवायचं की किती जगला. तू एका टोकाने, मी दुसऱ्या. मधे बोलायचं नाही. मग पिकअपमध्ये बसून थर्मासमधला चहा ओतायचा आणि आकडे वाचायचे. जुळले नाहीत तर उठून परत त्या वाफ्यात गुडघ्यावर. रोपं उपटायची, धुवायची, चिरायची. बहुतेक वेळा तूच बरोबर निघायचीस. पण एखाद्या वाफ्यात मी बरोबर निघाले की तू जोरात म्हणायचीस, "मान गये!" ते ऐकायला मी वर्षभर थांबायचे, हे तुला माहीत होतं का कुणास ठाऊक.

यंदाचं स्कोअरिंग शेवटचं होतं. दोघींपैकी एकीचाच गहू पुढे शेतकऱ्यांपर्यंत जाणार, दोन जाती वाढवायची ऐपत या खात्याची नाही, हे डेलने आपल्याला पेरणीच्या वेळीच सांगितलं होतं. तेव्हा तुझं दुखणं निघालं नव्हतं. डिसेंबरात तू हॉस्पिटलमध्ये असताना डेल तुला भेटून आला आणि लॅबमध्ये येऊन मला म्हणाला, वृंदाची इच्छा आहे की या वेळी स्कोअरिंग सुनंदानेच करावं, दुसरं कुणी नको. सगळ्यांना गहिवरून आलं. मला संताप आला. कुस्तीतल्या दुसऱ्या गड्यालाच पंच करून तू निघून चालली होतीस. समोरच्यावर इतका विश्वास टाकायला मन केवढं लागतं! मी तुझ्या जागी असते तर माझा गहू तुझ्या हाती दिला असता का? नसता दिला. डेलला म्हटलं असतं, बाहेरून कुणी तरी बोलवा.

तुला भेटायला आले तेव्हा तेच विचारणार होते. पण तू माझा हात धरून म्हणालीस, "स्नो चांगला पडलाय ना?" मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. बास, तेवढंच झालं आपलं शेवटचं बोलणं, आणि तेही गव्हाबद्दल.

तुझ्या तेराव्याला मी इथे नव्हते. तुझ्या भावाचं विमान रद्द होऊन तो मिनियापोलिसला अडकला होता, त्याला आणायला मी गेले होते. आल्यावर कळलं की गुरुजींनी स्क्रीनवरून विधी सांगितले, नदी गोठलेली म्हणून नदीवर काही करता आलं नाही, तेव्हा मिलिंदने सगळ्यांना तुझ्या शेतावर नेऊन दिवा लावला. मला वाटलं, रस्त्याच्या कडेला, पाटीपाशी लावला असेल. मनात आलं ते एवढंच, की माझ्यासाठी कुणी शेतावर दिवा लावेल का. त्याच आठवड्यात ती भयंकर थंडी आली. घराच्या भिंती तडकल्यासारख्या वाजत होत्या. पण शेतावर बर्फ होता, म्हणून मला काळजी वाटली नाही.

एप्रिलच्या शेवटी एकटीच गेले. थर्मास नेला होता, चहा कुणासाठी ते विचारू नकोस. नवरदेव बऱ्याच ठिकाणी विरळ झाला होता. जानेवारीतल्या उबेत तो उठलाच होता, तू म्हणायचीस तसा. तरी बरा होता, हिरवा होता, मला अभिमान वाटावा इतका होता. तुझा आळशी एका वाफ्यात गच्च, दुसऱ्यात गच्च, तिसऱ्यात तर बोट घालायला जागा नाही. माझं तोंड आंबट होत गेलं. आणि मग रस्त्याजवळचा तुझा शेवटचा वाफा आला. तो मेला होता. पूर्ण. उपटून धुतलं, चिरलं, बुडखा तपकिरी आणि बोटात दाबला की पाणी.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मी जिंकले, असं आलं. तिथे उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला. आपल्या दोघींचे आकडे दरवर्षी इतके चिकटून असतात की एका मेलेल्या वाफ्याने तुझी सरासरी खाली जात होती आणि माझा नवरदेव केसभर पुढे निघत होता.

मग लक्षात आलं, की हे मरण थंडीचं नेहमीचं नाही. रस्त्यापासून आत येणारी एक सरळ पट्टी मेली होती, फावड्याच्या रुंदीची. ती कडेच्या गव्हातून, मग दुसऱ्याच एका जातीच्या कोपऱ्यातून गेली होती आणि तुझ्या वाफ्यात येऊन ऐसपैस पसरली होती. थंडीला काय, ती कशी वाट काढून चालत येईल? मी खाली बसले. मातीत झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्या होत्या, एक पणती होती आणि रांगोळीचा गुलाबी रंग ढेकळांना लागलेला होता.

कळलं मला. आपल्या माणसांना दिवा उघड्या, झाडलेल्या जागेवर लावायची सवय. केरात कोण दिवा लावतो? त्यांनी तुझ्यासाठी अंगण झाडलं होतं. मातीपर्यंत, स्वच्छ. आणि नंतर आलेली ती थंडी गोधडी नसलेल्या तुझ्या गव्हावर उतरली.

वृंदे, त्या क्षणी मला तुझा जो हेवा वाटला तसा आयुष्यात वाटला नव्हता. उणे कितीतरी थंडीत, हात सुन्न होईपर्यंत, कुणीतरी तुझ्यासाठी बर्फ झाडला होता. काय झाडतोय हे न कळता झाडला, पण झाडला. माझा नवरा लांब शुगर लँडला तेलाच्या कंपनीत, मी इथे, आमचा संसार फोनवर. तो माझ्या गव्हाचं नावसुद्धा चुकवतो.

आता करायचं काय? स्कोअरिंगच्या कागदावर कारण लिहिलं, की इथला बर्फ माणसांनी काढला होता, तर तो वाफा हिशेबातून वगळला जाणार आणि तुझा गहू सरळ पुढे. पण लिहिलं की ते सगळ्यांना कळणार. डेल विचारणार, कुणी काढला? आणि आज ना उद्या मिलिंदला कळणार, की ज्या दिव्याच्या आठवणीवर तो दिवस काढतोय त्याने तुझा गहू मारला. तो आणि तुझी लेक इरा जूनमध्ये मॉरिसव्हिलला चाललेत. तिकडे त्याचं ऑफिस आहे, माणसं आहेत, इराला कॉलेज जवळ पडेल. दोन महिने तोंड मिटून बसले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. शहाणी माणसं म्हणाली असती, जाऊ दे, कशाला त्या माणसाच्या जखमेवर मीठ. आणि गंमत बघ, त्या शहाणपणाने माझाच गहू जिंकत होता. इतकं सोयीचं शहाणपण मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी आठवडाभर तो कागद पुरा केला नाही.

काल दुपारी तुझ्या घरी गेले. मिलिंद बॉक्सना टेप लावत होता.

"ये ये, बस. सॉरी, हा एकच सोफा राहिलाय," म्हणत त्याने चहा टाकला. आलं किसता किसता स्वतःच म्हणाला, "कसा आहे गं तिचा व्हीट? तूच स्कोअर करतेयस ना?"

"मिलिंद, तेराव्याला शेतावरचा बर्फ कुणी काढला?"

"मी. शॉव्हल घेऊन गेलो होतो. स्नोवर दिवा कसा ठेवणार? इराला प्लॉट माहीत होता, तिला आईने दाखवला होता. एकदम क्लीन केलं, माती दिसेपर्यंत. मंडळाच्या काकूंनी रांगोळी काढली." त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला पाहिला मी. "तुला फोटो नाही पाठवला का कुणी?"

असं वाटलं, उठावं आणि घरी जावं. उठले नाही. "बर्फ हे त्या गव्हाचं पांघरूण असतं, मिलिंद."

त्याने किसणी ठेवली. समजायला त्याला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी मारला?"

"तो एक वाफा. नंतर ती थंडी पडली ना, ती उघड्या मातीत सोसत नाही."

"सगळा गेला?"

"त्या वाफ्यातला सगळा."

चहा उतू गेला. दोघांनीही गॅस बंद केला नाही. मग मी केला. तो ओट्याला टेकून म्हणाला, "तिला कळलं असतं तर?"

"आधी बोंबलली असती. मग तुझं तोंड बघून स्वतःच शॉव्हल घेऊन बर्फ परत लोटायला गेली असती."

"हो," तो म्हणाला. "तसंच केलं असतं." मग म्हणाला, "तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं. आम्ही तर जातोच आहोत. का सांगितलंस?"

"कारण नाही लिहिलं तर तिचा गहू हरतो. कारण लिहिलं तर जिंकतो. आणि लिहिलं की तुला बाहेरून कळणार."

"हरला तर कुणाचा जिंकतो?"

"माझा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. "तुला सांगू, मला त्या गव्हाचा किती राग यायचा? मॉरिसव्हिलची ऑफर आधीही आली होती. मॅडम नाही म्हणाल्या. का, तर व्हीट. सकाळी उठली की आधी खिडकीतून स्नो किती पडला ते बघायची, मग मी. जळायचो मी त्याच्यावर, आय स्वेअर. आणि एकदाच तिच्या शेतावर काहीतरी करायला गेलो, तर हे केलं."

मला वाटलं होतं या घरात जळणारी मी एकटीच.

"नाव नाही लिहिणार तुझं," मी म्हटलं. "बर्फ काढला गेला, एवढंच लिहीन."

"नाही. नाव लिही. हसबंड रिमूव्हड स्नो. तिच्या इतक्या वर्षांच्या कामात माझं एकदा तरी नाव येऊ दे."

इरा जिन्यात कधी येऊन बसली होती कळलं नाही. "वी किल्ड इट?" तिने विचारलं.

"एकच वाफा, बाळा. बाकीचे मस्त आहेत. इथल्या कुणाहीपेक्षा मस्त."

"सो आईचा व्हीट विन्स?"

हे शब्द मला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले. "हो. जिंकला."

"यू मस्ट बी सो हॅपी फॉर हर, मावशी."

मिलिंद माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "नाही गं. जळतेय मी तुझ्या आईवर."

तिने डोळे मोठे केले. "स्टिल?"

"हो. अजून."

ती फसकन हसली आणि मग बापाच्या कुशीत जाऊन रडली. मी सांडलेला चहा पुसला आणि घरी आले. आज सकाळी कारण लिहून, मिलिंदचं नाव घालून, सगळं डेलकडे पाठवलं. त्याने तासाभरात फोन करून सांगितलं, तुझा गहू पुढे जातोय. माझा नवरदेव शीतगृहात राहील, बियाण्याच्या पाकिटात, बाकी हरलेल्यांबरोबर.

अभिनंदन, वृंदे. अजून मनापासून म्हणता येत नाहीये. तू असतीस तर तुला ते लगेच ओळखू आलं असतं, आणि तरीही तू थँक यू म्हणाली असतीस.

सुनंदा